पाटी लावली, जबाबदारी संपली

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात काम करीत असताना एकाच आठवड्यात माझ्यासमोर दोन कागद आले. दोन्ही एकाच गावचे होते. गावाच्या मध्यभागी एक भुईकोट किल्ला आहे. तो केंद्र संरक्षित, म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक. गावाच्या वेशीवर एक जुने दगडी मंदिर आहे. ते मात्र केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याच यादीत नाही.

पहिला कागद एका वृद्ध विणकराचा अर्ज होता. किल्ल्याच्या तटाला लागून त्याचे मातीचे घर. पावसाळ्यात घराची एक भिंत पडली होती आणि ती पुन्हा उभारण्याची परवानगी तो मागत होता. घर तटापासून शंभर मीटरच्या आत असल्याने अर्ज अनेक कार्यालयांतून फिरून आला होता. त्यावरील टिप्पणी मला अजून आठवते. भिंत मोडकळीस आलेली असती तर ती 'दुरुस्ती' झाली असती आणि तिला परवानगी मिळू शकली असती; परंतु भिंत पडून गेल्यामुळे आता ही 'पुनर्बांधणी' ठरते, आणि प्रतिबंधित क्षेत्रात पुनर्बांधणीला परवानगी देता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने टिप्पणीत चूक नव्हती. विणकर मला म्हणाला, "साहेब, भिंत पडायच्या आधी अर्ज करायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

दुसरा कागद वेशीवरील मंदिराच्या सुशोभीकरणाचा होता. सभामंडपात चकचकीत फरशी, दगडी खांबांना तैलरंग, शिखराला सिमेंटचा गिलावा, बाहेर पेव्हर ब्लॉक आणि एक हायमास्ट दिवा असे त्याचे अंदाजपत्रक होते. निधी उपलब्ध होता, लोकप्रतिनिधींचे पत्र होते, ग्रामस्थांचा ठराव होता. त्याला प्रशासकीय मान्यता देण्यास मला दोन मिनिटे लागली. सहा महिन्यांनी मी ते मंदिर पाहिले. शेकडो वर्षे ऊनपावसात टिकलेले कोरीवकाम गुलाबी आणि पोपटी रंगाच्या थराखाली गेले होते. तो थर माझ्या सहीने चढला होता.

विणकराच्या भिंतीला नकार देणारी आणि मंदिराच्या फरशीला मान्यता देणारी व्यवस्था एकच आहे. गेली काही वर्षे ही गोष्ट मला सतावत आहे, आणि आजचा लेख तिच्यावरच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या प्रशासनात वारसा-संरक्षण हे एका अधिसूचनेने सुरू होते आणि त्याच अधिसूचनेने संपते. 'संरक्षित' हा शब्दच पाहा. व्याकरणाने तो काम पूर्ण झाल्याचे सांगतो. यादीत नाव आले, निळी पाटी लागली, म्हणजे संरक्षण झाले अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी काम सुरू व्हायला हवे असते.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, आणि अनुच्छेद ५१-अ नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. सातव्या अनुसूचीत हा विषय तीन ठिकाणी विभागला आहे. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरविलेली स्मारके संघसूचीत येतात, उरलेली प्राचीन व ऐतिहासिक स्मारके राज्यसूचीत, आणि उरलेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत. केंद्राचा कायदा १९५८ चा असून त्याची मुळे लॉर्ड कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या कायद्यात आहेत. राज्यांनी आपापले स्वतंत्र कायदे केले आहेत. कागदावर ही रचना व्यवस्थित दिसते. राष्ट्राचे राष्ट्राकडे, प्रदेशाचे प्रदेशाकडे.

आता या याद्यांची अवस्था पाहू. महालेखापरीक्षकांनी २०१३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर १,६५५ केंद्र संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली. त्यांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत. पुढे शोध घेतल्यावर ४२ सापडली, १४ शहरांच्या वाढीत गडप झाली होती, १२ धरणांच्या व जलाशयांच्या पाण्याखाली गेली होती, आणि २४ स्मारकांचा काहीच ठावठिकाणा लागला नाही. संसदीय स्थायी समितीने २०२२ च्या आपल्या अहवालात याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्यांत हरियाणातील मुजेसर येथील कोस मिनार होता, झाशीतील एका तोफखाना-सैनिकाचे थडगे होते, आणि राजधानी दिल्लीतील बाराखंबा येथील कबरस्तानही होते.

बाराखंबा हा भाग संसद भवनापासून फार दूर नाही. ज्या शहरात संस्कृती मंत्रालय आहे आणि सर्वेक्षणाचे मुख्यालय आहे, तेथील एक संरक्षित स्थळ हरवते आणि ते हरवल्याचे कळण्यास लेखापरीक्षण व्हावे लागते. ते कोणी एका रात्रीत पळवून नेलेले नाही. दरवर्षी कोणीतरी त्या स्मारकाचा समावेश असलेला तक्ता भरत होता, वर पाठवत होता, आणि वरचा अधिकारी त्यावर सही करीत होता. स्मारक नाहीसे झाल्यावरही तक्त्यातील ओळ तशीच राहिली. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२३ च्या अहवालाने तर आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. दिल्लीतील ब्रिगेडियर जनरल जॉन निकल्सन याचा पुतळा १९५८ साली उत्तर आयर्लंडला नेण्यात आला, तरी त्याची नोंद राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांत तशीच होती. त्याच अहवालानुसार दिल्लीत १७३ केंद्र संरक्षित स्मारके होती आणि संपूर्ण तेलंगणात ८. काकतीयांची आणि कुतुबशाहीची भूमी केवळ आठ स्मारकांत मावते, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. ही यादी एखाद्या विचारपूर्वक निवडीतून तयार झालेली नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना जे दिसले आणि जे त्यांना आपले वाटले, ते त्यांनी लिहिले. आपण त्यात भर घातली, परंतु ती कधी तपासून पाहिली नाही.

याद्यांमागे मनुष्यबळ किती उभे आहे? त्याच संसदीय समितीसमोर मंत्रालयाने दिलेली आकडेवारी अशी होती की देशभरातील ३,६९३ स्मारकांसाठी सुमारे ७,००० रक्षकांची गरज असताना प्रत्यक्षात २,५७८ रक्षक नेमता आले, आणि तेही केवळ २४८ ठिकाणी. म्हणजे दहापैकी नऊहून अधिक स्मारकांवर या व्यवस्थेतला एकही रक्षक नव्हता. केंद्राची ही स्थिती असेल, तर राज्यांच्या तुटपुंज्या पुरातत्त्व संचालनालयांची कल्पना वाचकांनीच करावी. ज्या डोंगरी किल्ल्यावर चढायला दोन तास लागतात, तेथे महिन्यातून एकदा जाणारा एक परिचर, त्याच्याकडे आणखी तीन ठिकाणे, आणि त्याचे मानधन वेळेवर न मिळणारे, हे चित्र मी एकाहून अधिक राज्यांत पाहिले आहे. आपण ज्याला 'शासनाचे संरक्षण' म्हणतो, ते प्रत्यक्षात तो एक माणूस असतो. तो माणूस नसेल, तर मुंबईतील सचिव आणि दिल्लीतील महासंचालक यांच्या असण्याने तटावरचा एक पिंपळही उपटला जात नाही.

पिंपळाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. किल्ल्यांचे आणि मंदिरांचे सर्वाधिक नुकसान तोफांनी किंवा आक्रमकांनी केले असे आपल्याला शिकवलेले असते. गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला, तर पाणी आणि झाडे यांनी केलेले नुकसान फार मोठे भरेल. पक्ष्याच्या विष्ठेतून तटाच्या फटीत एक बी पडते. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी उपटता येते. पाचव्या वर्षी त्याला कोयता लागतो. विसाव्या वर्षी मूळ दगडांच्या आत इतके भिनलेले असते की झाड काढले तरी भिंत ढासळते आणि ठेवले तरी ढासळते. मग लाखो रुपयांचे अंदाजपत्रक तयार होते. पहिल्या वर्षी दोन बोटांनी उपटण्यासाठी कोणत्याही लेखाशीर्षाखाली तरतूद नसते, विसाव्या वर्षीच्या पुनर्बांधणीसाठी मात्र ती असते. आपल्या अर्थसंकल्पाची रचनाच अशी आहे की मोडलेले दुरुस्त करण्याला पैसा मिळतो, मोडू न देण्याला मिळत नाही.

यानंतर येतो अंतराचा नियम. २०१० च्या सुधारणेने प्रत्येक केंद्र संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढील दोनशे मीटर विनियमित क्षेत्र कायद्यातच घातले. हेतू चांगला होता. अधिकाऱ्यांच्या मर्जीने मिळणाऱ्या परवानग्यांना त्यामुळे आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेतातल्या एकाकी कोस मिनारला शंभर मीटर आणि गोवळकोंड्याच्या विस्तीर्ण किल्ल्यालाही शंभर मीटर, यात तर्क कोणता? त्याच कायद्याने प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी तयार करण्यास सांगितले होते. तेथील भूरचना, वस्ती, बांधणीची पद्धत पाहून काय चालेल आणि काय चालणार नाही हे त्यात ठरायचे होते. ते काम आजही बहुतेक स्मारकांबाबत अपूर्ण आहे. परिणामी, ज्यात डोके चालवावे लागते तो भाग मागे पडला आणि ज्यात केवळ मोजपट्टी लागते तो भाग जोमाने अंमलात आला.

मोजपट्टीला धोका दिसत नाही. चितोडगडाचे उदाहरण बोलके आहे. या किल्ल्याच्या परिसरात चुनखडीच्या खाणी आहेत आणि त्यांतील सुरुंगांच्या हादऱ्यांनी वास्तूंना हानी होते, ही तक्रार वर्षानुवर्षे न्यायालयात होती. सर्वोच्च न्यायालयाने अखेर जानेवारी २०२४ मध्ये किल्ल्याच्या तटापासून पाच किलोमीटरच्या आत सुरुंग लावून खाणकाम करण्यास मनाई केली. पाच किलोमीटर म्हणजे कायद्यातील प्रतिबंधित क्षेत्राच्या पन्नास पट. हादरा शंभर मीटरवर थांबत नाही हे समजायला भूकंपशास्त्र यावे लागत नाही. परंतु कायदा विणकराच्या भिंतीपाशी जागा होता आणि सुरुंगापाशी झोपलेला होता. दुबळ्याला अडविणे सोपे असते. त्याचा वकील नसतो, त्याच्या अर्जावर 'नामंजूर' लिहिले की फाईल बंद होते आणि आपण वारसा जपल्याचे समाधान मिळते.

यापेक्षाही गंभीर प्रश्न माणसांचा आहे. पुरातन वास्तूत किंवा तिच्याभोवती राहणारा माणूस म्हणजे अतिक्रमण, अशी आपल्या नोकरशाहीची धारणा आहे. हंपीत काय झाले ते पाहा. विजयनगरच्या या राजधानीचा १९८६ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९९९ साली ती 'धोक्यातील वारसा' यादीत गेली. कारण होते शासनानेच हाती घेतलेले तुंगभद्रेवरचे झुलत्या बांधणीचे पूल. म्हणजे स्मारक जपणारेही शासन आणि त्याच्या परिसरात पूल बांधणारेही शासन. दोघांची गाठ पडली ती परदेशातील समितीने बोट दाखविल्यावर. पुढे हंपीसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र प्राधिकरण झाले, २००६ साली हंपी त्या यादीतून बाहेर आली, आणि २००९ साली आनेगुंदीचा तो अपुरा पूल कोसळून कामगार मृत्युमुखी पडले.

त्यानंतर २०११ च्या पावसाळ्यात विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारपेठेतील घरे व दुकाने प्रशासनाने पाडली. जुन्या दगडी मंडपांच्या ओळीत भिंती घालून कुटुंबे राहत होती. त्यांनी मंडपांना खिळे ठोकले होते, चुली पेटवल्या होती, सिमेंट थापले होते, हे सर्व खरे आहे आणि ते चालू देणे योग्य नव्हते. परंतु विरूपाक्षाचे देऊळ आजही पूजेत आहे, आणि देवळासमोर बाजार भरणे ही विजयनगरच्या काळापासूनची गोष्ट आहे. बाजार हा त्या वारशाचाच भाग होता. त्याला शिस्त लावता आली असती. आपण तो रिकामा केला. मे २०२४ मध्ये पावसात त्याच बाजारातील मंडपांच्या ओळीचा एक भाग कोसळला. माणसे हलविल्यामुळे तो पडला असे मी म्हणणार नाही. परंतु माणसे हलविली की दगड वाचतो, हा समज त्या दिवशी खोटा ठरला एवढे निश्चित.

याच्या उलट बाजूचे उदाहरण जैसलमेरचे. ११५६ साली वसलेल्या या किल्ल्यात आजही हजारो माणसे राहतात. तेथे शतकानुशतके पाणी खालून डोक्यावरून आणले जाई आणि जपून वापरले जाई. टेकडी ठिसूळ दगडाची आणि मातीची. पाणी मुरले की ती फुगते आणि सरकते. मग नळ आले. नळाने पाणी आणणे ही एका खात्याची योजना, आणि वापरलेले पाणी वाहून नेणे ही दुसऱ्या खात्याची. नळ आधी आले, सांडपाण्याची धड व्यवस्था मागे राहिली. हॉटेले वाढली, पाण्याचा वापर वाढला, गळती टेकडीच्या पोटात मुरली आणि बुरूज ढासळू लागले. येथे दोष राहणाऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. खरा दोष दोन खात्यांच्या दोन वेळापत्रकांचा आहे, आणि तो प्रशासकाने सोडवायचा प्रश्न होता. वस्ती असलेला किल्ला म्हणजे एक लहान नगरपालिका असते. तेथे पुरातत्त्वज्ञाइतकीच गरज जलनिस्सारण जाणणाऱ्या अभियंत्याची असते.

आता मंदिरांकडे वळू. येथे चित्र उलटे आहे. किल्ल्याला पैसा मिळत नाही म्हणून तो मरतो, मंदिर पुष्कळदा पैसा मिळतो म्हणून मरते. देशातील बहुसंख्य जुनी मंदिरे पुरातत्त्व खात्याकडे नाहीत. ती विश्वस्तांकडे, देवस्थान समित्यांकडे किंवा तमिळनाडूप्रमाणे धर्मादाय विभागाकडे आहेत. भक्ताला देवळाचे जीर्णोद्धार-पुण्य हवे असते आणि ठेकेदाराला काम. दगडावर वाळूचा मारा करून तो 'स्वच्छ' करणे, चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरणे, शिल्पांवर रंग चढविणे, शिलालेख असलेला दगड पायरीला लावणे हे प्रकार उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सर्वत्र झाले आहेत. चुना श्वास घेतो, ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ओल कोंडते, क्षार साठतात आणि त्याला चिकटलेला दगड पापुद्रे सोडू लागतो. हे ज्ञान आपल्या गवंड्यांना होते. आपल्या दरसूचीला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात जून २०२१ मध्ये मंदिरे व पुरातन वास्तू यांच्या रक्षणासाठी ७५ निर्देश दिले. न्यायालयाला पंचाहत्तर गोष्टी सांगाव्या लागतात, याचा अर्थ प्रशासनाने तितक्या गोष्टी सोडून दिल्या होत्या.

महाराष्ट्राचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अकरा महाराष्ट्रातील आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी, जेथे १६८९ नंतरच्या सर्वांत कठीण काळात राजाराम महाराजांनी राज्य टिकविले. आपणा सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. या बारांपैकी आठ केंद्र संरक्षित आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्य संरक्षित. म्हणजे ज्याला आपण प्रादेशिक वारसा म्हणून दुय्यम यादीत ठेवले होते, त्यातील चार किल्ले जगाने पहिल्या प्रतीचे मानले. राष्ट्रीय आणि प्रादेशिक ही विभागणी महत्त्वाची नसून सोयीची होती, याला आणखी कोणता पुरावा हवा? आणि बारांच्या बाहेर जे शेकडो किल्ले उरतात, त्यांचे काय? त्यांतील कित्येकांना कोणतीच यादी लाभलेली नाही. जागतिक मानांकनाचा एक धोका असा की सर्व निधी, सर्व पाहुणे आणि सर्व घोषणा बारा ठिकाणी जातील.

याच राज्यात जानेवारी २०२५ मध्ये किल्ल्यांवरील अतिक्रमणे शोधून काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमण्यात आल्या आणि त्यांना कालमर्यादा घालून देण्यात आली. अतिक्रमण हटविलेच पाहिजे, मग ते कोणाचेही असो. परंतु त्याआधी जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या निमित्ताने पायथ्याच्या वस्तीत जो हिंसाचार झाला, तो कोणत्याही प्रशासकाला विसरता येऊ नये. किल्ला वाचविण्याच्या नावाखाली निरपराधांची घरे फुटतात तेव्हा किल्ल्याचा काडीचाही लाभ होत नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. पाडण्यासाठी समिती आणि कालमर्यादा असू शकते, तर सांभाळण्यासाठी का नसावी? अमुक तारखेपर्यंत जिल्ह्यातील सर्व किल्ल्यांवरील टाक्यांतील गाळ काढला जाईल, अमुक तारखेपर्यंत तटावरील रोपे उपटली जातील, असा आदेश मी माझ्या सेवेत पाहिला नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते ते निधीचे. देश गरीब आहे, शाळा आणि दवाखाने आधी. हा युक्तिवाद मी स्वतः अनेक बैठकांत केला आहे. परंतु ज्या जिल्ह्यात पहारेकऱ्याच्या मानधनाला पैसा नसतो, त्याच जिल्ह्यात प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला, प्रवेशकमानीला आणि हायमास्ट दिव्याला तो मिळतो. जे उद्घाटनयोग्य आहे त्याला निधी आहे. गवत काढण्याचे उद्घाटन होत नाही. दुसरे उत्तर असते खाजगी संस्थांना स्मारके दत्तक देण्याचे. केंद्राची अशी योजना २०१७ साली आली, महाराष्ट्राची त्याआधी. मी या कल्पनेच्या विरोधात नाही. परंतु दत्तक घेणारा पाणपोई, स्वच्छतागृह आणि तिकीटखिडकी सांभाळेल. त्याला लाल किल्ला हवा असेल, आडबाजूची गढी नको असेल. जिला कोणी विचारत नाही, तिच्यासाठीच तर शासन असते.

टीका करून थांबणे मला योग्य वाटत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर, नवा कायदा न करता आणि फारसा पैसा न मागता, पुढील गोष्टी करता येतील.

१) प्रत्येक संरक्षित वास्तूची सीमा भूमिअभिलेख खात्याने मोजून नकाशावर आणावी आणि महसुली अभिलेखात, म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत, तिची नोंद घ्यावी. अनेक ठिकाणी अधिसूचना राजपत्रात असते आणि तलाठ्याला तिचा पत्ता नसतो. जे तलाठ्याच्या दप्तरात नाही ते एक दिवस हरवतेच.

२) पायथ्याच्या गावातील दोन माणसे प्रत्येक किल्ल्यासाठी नियमित मानधनावर नेमावीत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर रोपे काढणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे आणि ठरावीक जागांवरून छायाचित्रे घेणे हे त्यांचे काम. दरवर्षीची छायाचित्रे एकमेकांशेजारी ठेवली, तर कोणती भिंत झुकते आहे हे शिपायालाही कळेल.

३) शंभर वर्षांहून जुन्या कोणत्याही दगडी वास्तूवर, ती यादीत असो वा नसो, शासकीय निधीतून काम करावयाचे असेल, तर पुरातत्त्व खात्याचे तांत्रिक मत घेतल्याशिवाय प्रशासकीय मान्यता देऊ नये. हा नियम त्या वेळी असता, तर माझी सही थांबली असती.

४) चुन्याच्या कामाचे, दगड घडविण्याचे दर दरसूचीत आणावेत आणि अशा कामांना सर्वांत कमी दराच्या निविदेचा निकष लावू नये. रस्ते करणाऱ्याला शिल्प दुरुस्त करायला देणे हे दंतवैद्याऐवजी लोहाराकडे जाण्यासारखे आहे.

५) वारसा उपविधी तातडीने करावेत, आणि ते करताना तेथे राहणाऱ्यांना ग्रामसभेत बोलावून ऐकावे. पडलेली भिंत त्याच जागी, त्याच उंचीची, त्याच मातीची उभारण्यास परवानगी लागत असेल, तर ती जिल्ह्यातच आणि महिन्याच्या आत मिळावी.

यांतील एकही गोष्ट नवी नाही. पुरातत्त्व खात्यातील जाणते अधिकारी, गडांवर श्रमदान करणारे तरुण, निवृत्त अभियंते हे सर्व वर्षानुवर्षे हेच सांगत आहेत. त्यांच्याकडे अधिकार नाहीत, आणि आमच्याकडे अधिकार असून आम्ही वारसा हा विषय 'सांस्कृतिक' म्हणून बाजूला ठेवतो. जिल्हाधिकाऱ्याच्या मासिक आढाव्यात पीककर्ज असते, लसीकरण असते, प्रलंबित दावे असतात. किल्ले आणि मंदिरे असतात ती केवळ मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी.

त्या विणकराची गोष्ट अर्धवट राहू नये. मी त्याचा अर्ज शिफारशीसह वर पाठविला आणि माझी बदली झाली. पुढे कळले ते असे की त्याने वाट पाहून घर सोडले आणि मुलाकडे शहरात गेला. घर पडले. त्या जागी आता काटेरी झुडपे आहेत आणि झुडपांआडून कोणीतरी तटाचे घडीव दगड नेत आहे. तो तेथे राहत होता तोवर, तटाजवळ कोण येते आणि काय उचलते हे पाहणारा एक माणूस तरी होता. आम्ही नियम पाळून त्याला तेथून जायला लावले. किल्ल्यासमोरची निळी पाटी मात्र अजून शाबूत आहे; तिला नुकताच नवा रंग दिला आहे असे ऐकतो.